अंगणातले झाकण

"या खेळातील प्रत्येक खेळाडूची प्रत्येक हालचाल प्रत्यक्ष सामन्यांच्या नोंदींवरून घेतलेली असून तीत कोणत्याही व्यक्तीच्या आवडीनिवडीचा हस्तक्षेप नाही."

फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीने हे वाक्य नव्या आवृत्तीच्या वेष्टनावर, संकेतस्थळावर आणि आपल्या इमारतीच्या दर्शनी काचेवर छापले होते. वाक्य सुबक आहे. त्यात 'प्रत्येक' हा शब्द दोनदा येतो. आणि एखादा शब्द इतक्या घाईने दोनदा आला, की तो निदान एकदा तरी खरा आहे का, हे पाहून घ्यावे.

पाहू. गेममध्ये अकराशे चाळीस खेळाडू होते. त्यांपैकी स्टुडिओत येऊन, अंगासरसा काळा पोशाख घालून, कॅमेऱ्यांसमोर स्वतः धावून गेले ते सव्वीस. उरलेल्या अकराशे चौदा जणांच्या हालचाली चार पगारी माणसांनी त्यांच्या वतीने करून दाखवल्या. 'नोंदी' म्हणजे सामन्यांच्या चित्रफिती. त्यांत खेळाडू अंगठ्याएवढा दिसतो आणि त्याची नजर कुठे आहे हे देवालाच ठाऊक असते. राहता राहिली आवडनिवड. पगारी अंगाला ती नसते, असे कंपनीने गृहीत धरले होते. त्या चौघांतल्या एकाला सगळे 'दादा' म्हणत, आणि अकराशे चाळिसांतला एक खेळाडू त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. कंपनीला हे माहीत होते. कंपनीला तो योगायोग गोड वाटला होता.

दादाचे काम तसे सोपे नव्हते. खिडक्या नसलेल्या एका उंच दालनात रबरी जमिनीवर उभे राहायचे, पोशाखावर त्रेपन्न पांढऱ्या गोळ्या चिकटवून घ्यायच्या आणि दुसऱ्याच्या चालीने चालायचे. डावा गुडघा कामातून गेलेला असल्यामुळे तो प्रत्येक हालचाल पाऊण वेगाने करी. यंत्र तिचा वेग नंतर वाढवून घेई. पण माणसाची लकब पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणता गोलरक्षक उडी मारण्याआधी मनगट झटकतो, कोणता बचावपटू वळताना आधी खांदा टाकतो, हे तो दोन-चार फिती पाहून सांगे आणि करून दाखवी. हालचाल विभागाच्या प्रमुख बाई म्हणत, "तुमच्या अंगात अकराशे माणसं राहतात हो, दादा." त्यात आपल्यालाही एखादी खोली असेल का, असे त्याच्या मनात येई, पण ते बोलायची सोय नव्हती.

आता त्या वळशाकडे येऊ, कारण सगळे त्या वळशापाशी येऊन थांबते.

डाव्या कडेने धावत यायचे, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू रोवलेल्या पायामागून ओढायचा, सगळे अंग त्याच्याभोवती फिरवायचे आणि समोरचा माणूस एका बाजूला बघत असताना दुसऱ्या बाजूने निघून जायचे. हा वळसा दादाने वयाच्या तेराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर, कोणीही न शिकवता, काढला होता. शाळेत त्याला त्यावरून 'भिंगरी' म्हणत. मास्तरसुद्धा हजेरी घेताना भिंगरी म्हणत. पुढच्या आयुष्यात त्याला जे काही मिळाले नाही, त्याची मोठी यादी करता येईल. परंतु हे एक नाव त्याला मिळाले होते.

धाकटा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची छाती अधू होती. धूळ लागली की धाप लागायची. डॉक्टरांनी मैदान बंद केले, आणि आईने त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा मागच्या अंगणात ठेवला. अंगण म्हणजे आठ पावले लांब आणि पाच पावले रुंद असा सिमेंटचा तुकडा, आणि त्याच्या बरोबर मध्ये सांडपाण्याच्या खड्ड्यावरचे लोखंडी झाकण, दोन बोटे वर आलेले. तिथे दादाने त्याला वळसा शिकवला. का शिकवला, याचे उत्तर तेव्हा सरळ होते: पोरगे खिडकीच्या गजांना धरून मैदानाकडे बघत बसायचे आणि ते बघवत नसे. दुसऱ्याच दिवशी धाकटा वळसा घेऊन बाहेर पडताना झाकणाला ठेचकाळला आणि हनुवटी फोडून घेतली. टाके त्याला पडले. शिव्या दादाने खाल्ल्या. तेव्हापासून धाकटा फिरला रे फिरला, की दादा ओरडे, "झाकण!" धाकटा झरकन खाली बघे, उजवी टाच उचलून झाकणावरून काढी आणि पुढे निघे. पाच वर्षे, रोज संध्याकाळी, आईने हाक मारेपर्यंत.

धाकट्याची छाती सुधारली. दादा दुसऱ्या गावी एका बऱ्यापैकी क्लबकडून खेळायला गेला, तीन हंगाम खेळला, आणि चौथ्यात त्याच्या गुडघ्यावर एक आडदांड बचावपटू बसला. तो काठी टेकत घरी परतला तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या न्हाव्याने त्याच्या गळ्याभोवती पांढरे कापड गुंडाळत आरशातून विचारले, "तुम्ही भिंगरीचे भाऊ का हो?"

दादा आरशात बघत राहिला. न्हाव्याला वाटले, प्रश्न ऐकू गेला नाही.

"तो नाही का, डाव्या कडेनं खेळतो तो? काय गिरकी घेतो! उपजत असावं लागतं साहेब, शिकून येत नाही ते."

"केस बारीक करा," दादा म्हणाला.

मत्सराला लोक आग म्हणतात. ज्यांनी तो कधी नीट पोसलेला नाही, ते असे म्हणतात. दादाचा मत्सर थंड आणि टापटिपीचा होता. तो भावाच्या प्रत्येक सामन्याला हजर असे, गोल झाला की टाळ्या वाजवी, आणि वळशाच्या क्षणी मात्र चेंडूकडे बघत नसे. तो हनुवटीकडे बघे. अठ्ठावीस हजार माणसे उठून उभी राहिलेली असत आणि त्या गदारोळात, वळसा पुरा होताच, धाकट्याची नजर पापणी लवण्याइतका वेळ गवताकडे जाई आणि उजवी टाच उगाच चार बोटे वर उठे. तिथे झाकण नव्हते. तिथे कधीच झाकण नव्हते. ते झाकण ऐंशी मैल दूर, आईच्या अंगणात होते. पण धाकट्याचे अंग ते पाठीवर घेऊन देशभर हिंडत होते. त्या क्षणी कोणी पाय घातला तर चेंडू अलगद निघाला असता. कोणी घालत नव्हते, कारण कोणाला ठाऊक नव्हते. धाकट्यालाही नाही.

एका रविवारी दोघे मायलेक टीव्हीवर आदल्या दिवशीच्या सामन्याचे पुनःप्रक्षेपण बघत होते. धाकट्याने वळसा घेतला, स्वेटर विणणारे आईचे हात थांबले.

"काय सुरेख फिरतो नाही!" ती म्हणाली. मग आठवून, प्रेमाने: "तूसुद्धा असंच काहीतरी करायचास ना रे?"

"असंच काहीतरी," दादा म्हणाला.

नव्या आवृत्तीसाठी धाकट्याला स्टुडिओत बोलावले होते. तो आला नाही. संघाचा सराव होता. निरोप आला तो बाईंनी सगळ्यांसमोर, कौतुकाने वाचून दाखवला: "दादा करेल. त्याला माझं सगळं येतं."

'माझं.' त्या शब्दाने दादाच्या पोटात काय झाले, ते यंत्राला टिपता आले नाही. पोटावर गोळी चिकटवायची पद्धत नव्हती.

त्याने वळसा घेतला. पहिल्या खेपेला त्याने स्वतःचा घेतला, शाळेच्या मैदानावरचा, स्वच्छ, मान ताठ, नजर समोर. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा एक माणूस सुरेख फिरला.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "झालं. उतरवा पोशाख."

"एकदा परत घेऊ."

"अहो, कशाला? गुडघा दुखेल."

"परत घेऊ."

दुसऱ्या खेपेला, वळसा संपताच, त्याने हनुवटी किंचित खाली केली आणि उजवी टाच उचलली.

बाईंनी फीत मागे नेली. "हे शेवटी काय केलंत?"

"तो असंच करतो."

"सामन्याच्या फितींत तर दिसत नाही."

"फितींत दिसत नाही म्हणून तर तुम्ही मला पगार देता."

बाई हसल्या. अचूकतेपुढे हसून मान तुकवण्याची त्यांच्या विभागात रीत होती. दुसरी खेप गेममध्ये गेली.

गेम बाजारात आला आणि आठवड्याच्या आत खेळणाऱ्यांनी आकाशपाताळ एक केले. कंपनीत एक मुलगी होती, गळ्यात कायम हेडफोन अडकवलेली. जगभरातल्या खेळणाऱ्यांची गाऱ्हाणी वाचून त्यांचा गोषवारा काढणे हे तिचे काम, म्हणून तिला 'गाऱ्हाणी' असेच नाव पडले होते. सोमवारच्या बैठकीत ती एकेक वाचू लागली.

"ऐका. 'भिंगरीची काय चावी हरवलीय का? गिरकी मारली की जमिनीवर शोधतोय.' दुसरं: 'माझ्या सत्तर वर्षांच्या आजीनं त्याच्याकडून चेंडू काढून घेतला, आणि तिला कंट्रोलर उलटा धरलेला कळला नव्हता.' हे जरा सभ्य आहे: 'मी भिंगरीचा एकही सामना चुकवलेला नाही. तो खाली बघत नाही. ज्यानं ही हालचाल केली त्यानं फुटबॉल फक्त फोटोत पाहिला असावा.'"

सगळे हसले. दादाही हसला. त्या सभ्य माणसाचे वाक्य त्याने मनात पुन्हा एकदा वाचले.

"एकूण किती?" बाईंनी विचारले.

"या एका वळशावर नऊ हजार चारशे. पावसात चेंडू घसरत नाही, त्यावर सातशे. पंच आंधळा आहे, त्यावर फक्त तीनशे; ते लोकांना खरं वाटतंय."

"मग काढून टाकू. पुढच्या अपडेटमध्ये पहिली खेप घालू, ती आहेच आपल्याकडे. काय दादा?"

इथे थांबले पाहिजे, कारण इथे त्यालाही थांबता आले असते. 'घाला' एवढा एक शब्द पुरेसा होता. वळसा स्वच्छ झाला असता, नऊ हजार चारशे माणसे गप्प बसली असती, आणि धाकट्याचे गुपित पुन्हा एकट्या दादाजवळ राहिले असते. शिवाय गेममध्ये, धाकट्याच्या नावाखाली का होईना, दादाचा स्वतःचा वळसा फिरला असता. पण नेमके तेच त्याला सहन होणारे नव्हते. त्याचा निर्दोष वळसा, आणि वर नाव त्याचे!

"हालचाल खरी आहे," तो म्हणाला. "मी सिद्ध करून देतो."

दोन दिवस त्याने गोलमागच्या कॅमेऱ्यांच्या फिती उपसल्या. त्या कॅमेऱ्यांत खेळाडू समोरून येतो आणि चेहरा दिसतो. गुरुवारी त्याने सहा तुकडे बाईंपुढे ठेवले. हळू केलेल्या, मोठ्या केलेल्या त्या फितींत सहा वेळा वळसा होता, सहा वेळा हनुवटी खाली जात होती, सहा वेळा टाच उठत होती.

बाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, हे तर खरंच आहे!"

"मी तेच म्हणत होतो."

"हे जगाला दाखवलं पाहिजे."

दादा मान खाली घालून फिती आवरू लागला. बाईंना तो विनय वाटला.

कंपनीने सहाही फिती प्रसिद्ध केल्या, वर मथळा दिला: 'तुमचे डोळे चुकले, आमचा गेम नाही.' आणि खेळणारे, ज्यांनी कालपर्यंत शिव्यांची लाखोली वाहिली होती, ते लोटांगण घालू लागले. गाऱ्हाणीने पुढच्या सोमवारी वाचले: 'माफ करा, मी फोटोवाला. मी त्याचे सगळे सामने पाहिले आणि काहीच पाहिलं नाही.' 'यापेक्षा खरा गेम होणे नाही.' मग एक वाचताना तिचा आवाज जरा उतरला: 'मी दुसऱ्या श्रेणीत बचावपटू आहे. गेममध्ये टाच उठली की पाय घालायला शिकलो. शनिवारी चषकासाठी आमचा त्याच्याशी सामना आहे. बघतो.'

"मजा आहे," कोणीतरी म्हणाले.

दादाने शनिवारचा सामना स्टेडियममध्ये बघितला. धाकटा फिरला, टाच उठली, आणि एका अनोळखी, फारशा न गाजलेल्या बचावपटूने अगदी शांतपणे, फळीवरची वस्तू घ्यावी तसा, चेंडू काढून घेतला. पुन्हा फिरला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा अठ्ठावीस हजार माणसांनी एकदम उसासा टाकला. त्या उसाशाने दादाला जे वाटले त्याला दुःख म्हणता येत नाही. पुढच्या सामन्यात पाच वेळा चेंडू गेला, त्याच्या पुढच्यात मध्यंतरालाच धाकट्याला बाहेर बसवले.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. दादा कंपनीच्या जिन्यात उभा राहून बोलला.

"दादा, कायतरी बिघडलंय रे. गिरकी मारली की चेंडू राहतच नाही पायात. सगळ्यांना आधीच कळतं. कसं कळतं?"

"गेम बघितलास का?"

"छे! मला स्वतःला असं बघायला कसंतरीच होतं. पोरं काहीतरी म्हणत होती, मी लक्ष नाही दिलं. शुक्रवारी राष्ट्रीय संघाची यादी लागायचीय. तू ये ना एक दिवस. तू बघितलंस की तुला लगेच कळेल. शिकवलंस तूच ना?"

गेल्या किती वर्षांत धाकट्याने हे वाक्य उच्चारले नव्हते! दादा त्याची वाट बघत आला होता. आता ते आले, तेही फोनवर, घाबऱ्या आवाजात, ऐकणारा दुसरा कोणी नसताना. 'मान वर ठेव' एवढे तीन शब्द सांगितले असते तर चार दिवसांत खोड सुटली असती.

"थकला असशील," दादा म्हणाला. "दोन दिवस विश्रांती घे."

"तू म्हणतोस तर घेतो," धाकटा म्हणाला. आणि त्याने खरोखरच घेतली.

शुक्रवारच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

धाकट्याच्या क्लबने कंपनीकडे लेखी तक्रार केली: आमच्या खेळाडूची उणीव जाहीर करून त्याचे नुकसान करण्यात आले आहे, आणि ती उणीव कंपनीला कळली कशी, याचा खुलासा व्हावा. कंपनीने बैठक बोलावली. लांब टेबलाच्या एका बाजूला बाई आणि कंपनीचे वकील; दुसऱ्या बाजूला क्लबचे प्रशिक्षक आणि धाकटा. मध्ये, टेबलाच्या टोकाशी, दादा. समोर वकिलांनी तयार केलेला एक कागद.

"औपचारिकता आहे," वकील म्हणाले. "सदर हालचाल यंत्राने सामन्यांच्या नोंदींवरून आपोआप टिपली, तीत कोणत्याही व्यक्तीचा हात नाही. खाली सही केली की प्रकरण मिटलं."

"एक मिनिट," प्रशिक्षक म्हणाले. "बारा वर्षं या पोराला मी शिकवतोय. मला दिसलं नाही. तुमच्या यंत्राला मैदानाबाहेरून दिसलं?"

"आमचं यंत्र फार संवेदनशील आहे."

"असेल. माणसाला दिसलं असतं तर त्यानं आधी याला सांगितलं असतं, एवढंच मला म्हणायचंय."

धाकटा मघापासून टेबलावर ठेवलेल्या स्क्रीनकडे बघत होता. सहा तुकडे त्याने पहिल्यांदाच, ओळीने बघितले. त्याने हनुवटीवरच्या जुन्या टाक्यांवरून नकळत बोट फिरवले.

"मी खाली बघतो," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नव्हे. मग दादाकडे वळून, जवळजवळ हसत: "अरे, झाकण! दादा, झाकणच आहे हे! तू ओरडायचास ते. आठवतं?"

दादाने मान हलवली.

"आणि हे इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही?"

"सही करताय ना?" वकिलांनी पेन पुढे सरकवले.

"दादानं केलं असेल," धाकटा प्रशिक्षकांना म्हणाला, "तर गेम खरा व्हावा म्हणूनच केलं असेल. त्याला खोटं चालत नाही. लहानपणापासून तसाच आहे तो."

आरोप झाला असता तर दादाने तो नाकारला असता. त्यासाठी सहा फिती आणि कंपनीचे सुबक वाक्य त्याच्या बाजूला होते. भावाने घातलेल्या या पांघरुणाखाली मात्र त्याचा जीव गुदमरला. धाकट्याला स्वतःचे गुपित कळले होते आणि तरी त्याला दादाविषयी काहीच कळले नव्हते. वळशाचे श्रेय नाही, तसा हा दोषसुद्धा दादाच्या वाट्याला येणार नव्हता. त्याने पेन उचलले, छापील मजकुरावर एक सरळ रेघ मारली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. वकील "अहो, अहो" म्हणत राहिले. लिहून झाल्यावर त्याने सही केली आणि कागद वकिलांकडे न देता धाकट्यापुढे ठेवला. कंपनीच्या दप्तरात तो कागद आहे. त्यावरचा मजकूर शब्दशः असा:

"ही हालचाल यंत्राने टिपलेली नाही. मी ती करून दाखवली आणि ती खरी आहे. माझा भाऊ वळसा घेतल्यावर खाली बघतो, कारण अंगणात मी त्याला झाकण म्हणून ओरडायचो आणि तो अजून माझे ऐकतो. हे मला त्याचा पहिला सामना पाहिल्यापासून माहीत होते. सांगितले असते तर चार दिवसांत सुटले असते. यादीच्या आधी त्याने फोन करून विचारले तेव्हाही मी सांगितले नाही. अचूकतेचा यात काही संबंध नाही. भिंगरी आधी मला म्हणायचे."